‘कोण’ आणि ‘कुठे’ : शरीरातील रेणूंच्या वाचनाचा इतिहास

फलटणला महानुभावांची दक्षिण काशी म्हणतात. मराठीच्या विद्यार्थ्याला हे नाव ऐकताच प्रथम ‘लीळाचरित्र’ आठवते आणि त्यापाठोपाठ सकळ लिपी. पंथाने आपले ग्रंथ शतकानुशतके सांकेतिक लिप्यांत जतन केले. नेहमीच्या अक्षराच्या जागी ठरावीक दुसरे चिन्ह लिहायचे, एवढीच त्यातली योजना; पण ती ठाऊक नसणाऱ्याला पोथी उघडी असूनही बंदच राहत असे. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे प्रभृतींनी या लिपीचा उलगडा केला, आणि मराठी गद्याच्या इतिहासाची आरंभरेषा काही शतके मागे सरकली. अक्षरे आधीही होती. किल्ली मात्र नव्हती.

याच फलटणमध्ये, जसे ते महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी घडते, एक निराळी पोथी आता घराघरांत पोचली आहे. कुणाचे कंबरेचे दुखणे असते, कुणाला फिट आलेली असते. सातारा, बारामती किंवा पुण्याहून एमआरआयचा मोठा लखोटा घरी येतो. घरातले कर्ते माणूस त्यातली काळी फिल्म खिडकीच्या उजेडाकडे धरते आणि सगळे तिच्याकडे पाहत राहतात. ही पोथी सकळ लिपीच्या अगदी उलट आहे. तिथे किल्लीवाचून काहीच कळत नसे. इथे किल्ली नसतानाही सगळे दिसते असे वाटते. मेंदू मेंदूसारखा दिसतो, मणके मणक्यांसारखे. एखाद्या छायाचित्राप्रमाणे आपण त्यावर विश्वास टाकतो.

आमचे म्हणणे असे की ते छायाचित्र नव्हे, वाचन आहे, आणि तेही एका मोठ्या त्यागावर उभे राहिलेले वाचन. ज्या संकेतातून हे चित्र घडते, त्याला मुळात दोन गोष्टी सांगता येतात : बोलणारा कोण आहे आणि तो कुठे आहे. चित्र मिळवण्यासाठी ‘कुठे’ची निवड झाली आणि ‘कोण’ बाजूला पडले. गेल्या अर्धशतकात अधिकाधिक बलवान चुंबकांच्या साहाय्याने जो खटाटोप चालला आहे, त्याचा एक मोठा भाग हे बाजूला पडलेले ‘कोण’ परत मिळवण्यासाठी आहे. या कथेचे एक पान मुंबईचे आहे, म्हणून ती मराठीत सांगणे आम्हांला अगत्याचे वाटते.

*

आरंभ दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस होतो. १९४५ च्या डिसेंबरात हार्वर्डला पर्सेल, टॉरी आणि पाउंड यांनी, आणि १९४६ च्या आरंभी स्टॅनफर्डला ब्लॉख, हॅन्सन आणि पॅकार्ड यांनी, स्वतंत्रपणे एकच गोष्ट दाखवून दिली. हायड्रोजनचे केंद्रक हे एक इवलेसे चुंबक असते. त्याला बाहेरील बलवान चुंबकीय क्षेत्रात ठेवले की ते भोवऱ्याच्या आसाप्रमाणे डोलू लागते, आणि त्याच्या डोलण्याची वारंवारता त्या क्षेत्राच्या बळाशी काटेकोर प्रमाणात असते. एक टेस्ला क्षेत्रात ती सेकंदाला सुमारे ४ कोटी २६ लाख इतकी भरते. नेमक्या त्याच वारंवारतेच्या रेडिओलहरी सोडल्या की केंद्रक प्रतिसाद देते. या घटनेला आपण केंद्रकीय चुंबकीय अनुस्पंदन म्हणतो. एनएमआर हे तिचे रूढ नाव. ब्लॉख आणि पर्सेल यांना त्यासाठी १९५२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या दोघांना रस होता तो केंद्रकात. निरनिराळ्या केंद्रकांचे चुंबकीय सामर्थ्य अचूक मोजावे, एवढी त्यांची भौतिकशास्त्रीय आकांक्षा होती. तिच्या वाटेत लवकरच एक विघ्न आले. १९५० मध्ये स्टॅनफर्डला प्रॉक्टर आणि यू नायट्रोजनचे मापन करीत होते. त्यासाठी त्यांनी अमोनियम नायट्रेट हे साधे खत घेतले. एका मूलद्रव्याच्या केंद्रकाची एकच रेषा मिळायला हवी, मिळाल्या दोन. या क्षारात नायट्रोजन दोन ठिकाणी असतो, एकदा अमोनियमच्या आणि एकदा नायट्रेटच्या संगतीत, आणि दोन्ही ठिकाणी तो निराळ्या वारंवारतेने उत्तर देत होता. केंद्रकाभोवतीचे इलेक्ट्रॉन बाहेरच्या क्षेत्राला किंचित अडवतात. शेजार बदलला की ही आडही बदलते. शुद्ध केंद्रकाच्या शोधात निघालेल्यांच्या दृष्टीने ही कटकट होती, कारण मापनात शेजाऱ्यांची भेसळ झाली होती.

त्या भेसळीतच अर्थ आहे हे ज्या प्रयोगाने सर्वांना पटले, तो १९५१ चा. आर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड या तिघांनी इथेनॉलचा, म्हणजे साध्या मद्यार्काचा, वर्णपट प्रसिद्ध केला. इथेनॉलच्या रेणूत हायड्रोजनचे सहा अणू असतात : तीन एका कार्बनवर, दोन दुसऱ्या कार्बनवर आणि एक ऑक्सिजनवर. वर्णपटात तीन उंचवटे आले आणि त्यांची क्षेत्रफळे तीन, दोन, एक या प्रमाणात होती. रेणूची जी रचना रसायनशास्त्रज्ञ अप्रत्यक्ष पुराव्यांवरून मांडत आले होते, ती इथे एका ओळीत लिहून आली होती. वापरलेले क्षेत्र एका टेस्लाहूनही कमी होते. सकळ लिपीच्या अभ्यासकाला एखादे परिचित वाक्य सापडावे आणि त्यावरून चिन्हांची संगती लागावी, तसे हे घडले. शेजार बदलला की वारंवारता सरकते, आणि ती नियमाने सरकते. म्हणून सरकण्यावरून शेजार ओळखता येतो. याला रासायनिक विस्थापन असे नाव आहे.

त्या तिघांतले एस. एस. धर्मट्टी पुढे भारतात परतले. होमी भाभांनी १९४५ साली स्थापन केलेली टाटा मूलभूत संशोधन संस्था त्या काळी गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत होती. तिथे १९५० च्या दशकात धर्मट्टींनी एनएमआरचा गट उभा केला, आणि या देशातल्या त्या विद्येची एक मुख्य परंपरा तिथून सुरू झाली. १९६२ साली संस्थेच्या कुलाब्यातील वास्तूचे उद्घाटन झाले आणि हे काम समुद्रकाठी गेले. गिरजेश गोविल आणि त्यांचे सहकारी यांनी ते रसायनाकडून जीवशास्त्राकडे, प्रथिने आणि डीएनए यांच्या रचनेकडे नेले. १९८३ मध्ये तिथे उच्च-क्षेत्र एनएमआरची राष्ट्रीय सुविधा सुरू झाली. तिचे यंत्र ५०० मेगाहर्ट्‌झचे, म्हणजे सुमारे ११.७ टेस्लाचे होते. गोविल आणि के. व्ही. आर. चारी यांनी २००८ मध्ये जैविक संस्थांतील एनएमआरवर जो ग्रंथ लिहिला, त्याच्या उपशीर्षकात ‘रेणूंपासून माणसांपर्यंत’ असा प्रवास सांगितला आहे. आमच्या या लेखाचा विषय नेमका तोच प्रवास आहे. पण तो सरळ रेषेत झाला नाही. मधे एक मोठे वळण आले.

*

हे वळण पॉल लॉटरबर यांचे. १९७१ मध्ये रेमंड डॅमेडियन यांनी उंदरांच्या अर्बुदांतील पाण्याचा प्रतिसाद निरोगी ऊतींहून निराळा असतो असे दाखवले होते, आणि शरीराच्या तपासणीसाठी ही विद्या वापरता येईल ही कल्पना हवेत होती. प्रश्न होता तो जागेचा. शरीरातले सगळे हायड्रोजन एकदम बोलू लागले तर कोणता आवाज कुठून आला, हे ओळखायचे कसे? एनएमआरमध्ये तोपर्यंत संपूर्ण नमुन्यावर क्षेत्र अगदी एकसारखे असावे, यासाठी जिवाचे रान केले जाई. लॉटरबर यांनी उलट केले. क्षेत्र मुद्दाम एका बाजूला थोडे अधिक आणि दुसऱ्या बाजूला थोडे कमी ठेवायचे. मग वारंवारतेवरून जागा कळते : अधिक वेगाने डोलणारा या टोकाचा, कमी वेगाने डोलणारा त्या टोकाचा. १९७३ मध्ये ‘नेचर’ने त्यांचा निबंध छापला, आधी तो नाकारला गेला होता. त्यातले पहिले चित्र होते पाण्याच्या दोन बारीक नळ्यांचे.

लॉटरबर यांनी या पद्धतीला दिलेले नाव आमच्यासारख्यांना चकित करणारे आहे : झ्यूग्मॅटोग्राफी. ग्रीक ‘झ्यूग्मा’ म्हणजे जोखड, दोघांना जोडणारे साधन. पाश्चात्त्य अलंकारशास्त्रात एकच क्रियापद दोन निराळ्या पदांना जोडून घेते, तेव्हा त्यास झ्यूग्मा म्हणतात. आपल्याकडचा दीपक अलंकार त्याच्या जवळचा. लॉटरबर यांच्या मनात होते ते दोन क्षेत्रांचे, एका चुंबकीय आणि एका रेडिओच्या, एकत्र जुंपले जाणे. नाव टिकले नाही. पुढे त्यातला ‘केंद्रकीय’ हा शब्दही रुग्णांना अणुबाँब आठवतो म्हणून गाळला गेला आणि ‘एमआरआय’ एवढे तीन अक्षरांचे सुरक्षित नाव उरले. शब्दांच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याने येथे थोडे थांबावे. ज्या केंद्रकाचे बोलणे ऐकून हे चित्र निघते, तेच नावातून हद्दपार झाले.

पण खरी हद्दपारी निराळी होती. धर्मट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वारंवारता वाचली ती ‘कोण बोलतो आहे’ हे कळण्यासाठी. लॉटरबर यांनी तीच वारंवारता वाचली ती ‘कुठून बोलतो आहे’ हे कळण्यासाठी. नाणे एकच, ते एका वेळी एकाच दुकानात खर्च करता येते. जागेसाठी वारंवारता खर्च झाली की शेजाराची सूक्ष्म सरक त्यात बुडून जाते. मग सर्व हायड्रोजन सारखेच मानावे लागतात, आणि शरीरात बहुतेक हायड्रोजन पाण्याचे आणि चरबीचे असल्यामुळे एमआरआयचे चित्र हे मुख्यतः पाणी आणि चरबी यांचेच चित्र होते. १९७७ मध्ये डॅमेडियन यांच्या यंत्राने माणसाच्या छातीचा पहिला छेद टिपला, त्यासाठी जवळजवळ पाच तास लागले. पण तो छेदही पाण्याचाच. आज खिडकीकडे धरलेल्या फिल्ममध्ये जे काळे-पांढरे दिसते, त्यात मेंदूत चालणाऱ्या रसायनाचा एकही रेणू स्वतःच्या नावाने हजर नसतो.

दडपलेले ‘कोण’ मात्र अधूनमधून चुकीच्या रूपाने वर येई. चरबीतला हायड्रोजन पाण्यातल्याहून दशलक्षात सुमारे साडेतीन भाग हळू डोलतो. यंत्राला वाटते, हा दुसऱ्या जागेचा आहे. म्हणून ते चरबीला चित्रात थोडे बाजूला सरकवून काढते. मूत्रपिंडाच्या कडेला एकीकडे काळी आणि दुसरीकडे पांढरी रेघ दिसते, ती अशी. ‘कोण’ हे ‘कुठे’ म्हणून वाचल्याचा हा पाठदोष आहे. १९८४ मध्ये डिक्सन यांनी याच फरकाचा उपयोग करून पाणी आणि चरबी यांची स्वतंत्र चित्रे काढून दाखवली, आणि पाठदोषातून पाठ निघाला.

फलटणच्या माणसाला हा भेद करडईच्या दाण्यावरून चटकन समजेल. ब. वि. निंबकर यांनी १९६८ मध्ये स्थापन केलेली येथील निंबकर कृषी संशोधन संस्था करडईच्या वाणांसाठी प्रसिद्ध आहे. दाण्यात तेल किती, हे कळण्यासाठी पूर्वी दाणा दळून तेल काढावे लागे. म्हणजे ज्या दाण्याची परीक्षा झाली तो पेरता येत नसे. एनएमआरच्या छोट्या यंत्रात दाणा अखंड राहतो. घट्ट धरलेल्या पाण्याचा प्रतिसाद लवकर विझतो, तेलाचा रेंगाळतो, आणि त्यावरून तेलाचा हिशोब निघतो. तेलबियांच्या पैदासकारांमध्ये ही पद्धत जगभर रूढ आहे. तपासलेला दाणा पेरता येणे, हेच या विद्येचे माणसाच्या बाबतीतले वचन आहे : आत काय आहे ते न फोडता कळावे.

*

‘कोण’ आणि ‘कुठे’ एकाच वेळी विचारण्याची वाट झुरिकमध्ये सापडली, आणि तिच्यावर पुन्हा एक भारतीय नाव आहे. १९७५ मध्ये अनिल कुमार, डीटर वेल्टी आणि रिचर्ड अर्न्स्ट यांनी लॉटरबरच्या पद्धतीचे फूरिए-रूप मांडले. कल्पना अशी : क्षेत्राचा उतार सतत लावून ठेवण्याऐवजी तो थोडा वेळ लावायचा आणि काढून घ्यायचा. तेवढ्या वेळात प्रत्येक केंद्रकाच्या डोलण्यात त्याच्या जागेनुसार थोडे पुढे-मागे होते. उतार गेला तरी ही खूण राहते. अशा खुणा निरनिराळ्या प्रमाणात पुन्हा पुन्हा नोंदवल्या की गणिताने जागा परत मिळते. इथे ‘कुठे’ हे वारंवारतेऐवजी डोलण्याच्या टप्प्यात लिहिले जाते, आणि वारंवारता पुन्हा मोकळी होते. १९८२ मध्ये ब्राउन, किनकेड आणि उगुर्बिल यांनी या मोकळ्या वारंवारतेवर रासायनिक विस्थापन वाचून तिन्ही मितींत रेणूंचा नकाशा काढण्याची रीत मांडली. अर्न्स्ट यांना १९९१ चे नोबेल मिळाले. अनिल कुमार पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत या विषयाचे आचार्य झाले.

दरम्यान ऑक्सफर्डमध्ये रॅडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या बाजूने हेच दार ठोठावले होते. १९७४ मध्ये त्यांनी उंदराच्या पायाच्या स्नायूतील फॉस्फरसचा वर्णपट टिपला, आणि स्नायूला बळ पुरवणारे रेणू त्यात निरनिराळे दिसले. १९८१ मध्ये मॅकआर्डलच्या विकाराचा एक रुग्ण त्यांनी तपासला. या विकारात स्नायूला साठवलेली साखर मोडता येत नाही, त्यामुळे श्रमानंतर तो नेहमीप्रमाणे आंबट होत नाही. त्वचेला छेद न देता हे वर्णपटात वाचता आले. इथेनॉलच्या कुपीपासून माणसाच्या दंडापर्यंत यायला तीस वर्षे लागली होती.

मग ही तपासणी फिल्मइतकीच सर्वत्र का पोचली नाही? कारण पाण्याचा गलका. मेंदूतल्या पाण्याच्या हायड्रोजनपुढे तेथील इतर रेणू दहा हजारांत एक या हिशोबाने येतात. चेतापेशींची खूण मानला जाणारा एन-ॲसिटिल ॲस्पार्टेट, पेशीपटलांच्या घडामोडीशी जोडलेला कोलीन, प्राणवायूची तूट सांगणारा लॅक्टेट, हे सारे भरगच्च सभेत कुजबुजणाऱ्यांसारखे. आधी पाण्याला गप्प करावे लागते. मग कुजबुज ऐकू येते. पण सगळेच जवळजवळ एकाच पट्टीत बोलतात.

बलवान चुंबकाची गरज येथे उभी राहते. रासायनिक विस्थापन हे क्षेत्राच्या प्रमाणात असते. ग्लुटामेट आणि ग्लुटामाइन हे मेंदूतले दोन निकटचे रेणू घ्या. पहिला चेतापेशींमधला प्रमुख उत्तेजक निरोप्या, दुसरा त्याचा साठा. दोघांच्या मुख्य खुणा दशलक्षात सुमारे एक दशांश भागाने वेगळ्या. रुग्णालयातल्या नेहमीच्या १.५ टेस्ला यंत्रात हे अंतर सेकंदाला जेमतेम सहा आवर्तनांचे. दोन्ही खुणा एकमेकींत मिसळतात. ७ टेस्लाला तेच अंतर तिसाच्या घरात जाते आणि दोघे सुटे होतात. जुन्या पोथीत शब्द तोडून लिहीत नसत, ओळ सलग असे. कुठे तोडायचे हे जाणकाराला ठरवावे लागे. क्षेत्र वाढवणे म्हणजे त्या सलग ओळीतली अक्षरे लांब लांब लिहिणे. शिवाय आवाजही वाढतो. शरीराच्या तापमानाला १.५ टेस्लामध्ये दहा लाख केंद्रकांमागे केवळ पाचेक केंद्रकांचा अधिकपणा आपल्याला ऐकू येतो, बाकीची परस्परांना छेदून टाकतात. ७ टेस्लाला हा आकडा वीस-पंचविसांवर जातो.

पण बळ वाढले की वाचन आपोआप सुधारते असे मानणे भाबडेपणाचे होईल. ७ टेस्लाला रेडिओलहरींची शरीरातली लांबी बारा सेंटीमीटरच्या आसपास येते, म्हणजे डोक्याच्या रुंदीहून कमी. लहरी आतल्या आत एकमेकींवर पडतात. मेंदूच्या मध्यभागी प्रकाश, कानाशेजारी काळोख असे चित्र होते. वारंवारतेच्या वर्गाने ऊतींत उष्णता वाढते, म्हणून लहरींचे बळ हवे तितके चढवता येत नाही. नाकाच्या आणि कानाच्या पोकळ्यांजवळ हवा व ऊती यांच्या सीमेवर क्षेत्र वाकडे होते आणि तिथल्या रेषा पसरट होऊन पुन्हा एकमेकींत शिरतात. यावर उपाय शोधणे हे गेल्या दोन दशकांतल्या संशोधकांचे रोजचे काम आहे. एका प्रक्षेपकाऐवजी आठ-सोळा प्रक्षेपक लावून प्रत्येकाच्या लहरी अशा जुळवायच्या की सर्वत्र समान उजेड पडावा. क्षेत्रातला वाकडेपणा दुरुस्त करणाऱ्या वेटोळ्यांचे प्रवाह प्रत्येक रुग्णासाठी नव्याने ठरवायचे. लहरींचे बळ कमीजास्त झाले तरी परिणाम ढळणार नाही अशा आकाराचे स्पंद रचायचे. हे सारे संपादकाचे काम आहे. चांगली हस्तलिखित प्रत हाती आल्यावरच पाठचिकित्सेचे खरे श्रम सुरू होतात, हे आम्ही त्यांना सांगण्याची गरज नाही.

काही वाटा अधिक आडवळणाच्या आहेत. २००० मध्ये वॉर्ड, ॲलेट्रास आणि बालाबान यांनी सुचवलेल्या पद्धतीत क्षीण रेणूला थेट ऐकतच नाहीत. त्याचे हायड्रोजन पाण्याशी सतत अदलाबदल करीत असतात. म्हणून त्या रेणूच्या वारंवारतेवर त्याला गप्प केले की अदलाबदलीतून पाण्याचाच आवाज थोडा खाली येतो, आणि त्या उतरण्यावरून रेणूचा अंदाज बांधता येतो. २०१२ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात रविंदर रेड्डी यांच्या गटाने ७ टेस्लावर या रीतीने मेंदूतील ग्लुटामेटचे चित्र काढले. ज्या पाण्याच्या गलक्यावर आपण वैतागलो होतो, त्यालाच वार्ताहर केले गेले.

*

हे सगळे कशासाठी, असा प्रश्न रास्त आहे. उत्तरादाखल एकच रेणू पुरे. २००९ मध्ये असे आढळले की मेंदूतील विशिष्ट अर्बुदांत एका जनुकातल्या बदलामुळे टू-हायड्रॉक्सीग्लुटारेट नावाचा रेणू साठतो. निरोगी मेंदूत तो जवळजवळ नसतोच. हा बदल असलेल्या अर्बुदांचा क्रम सहसा मंद असतो, आणि उपचारांचे आडाखे त्यावर बदलतात. तो आहे की नाही हे कळण्यासाठी कवटीला भोक पाडून तुकडा काढावा लागे. २०१२ मध्ये डॅलस येथील संशोधकांनी हा रेणू रुग्णांच्या डोक्यात, बाहेरून, वर्णपटात वाचून दाखवला. फिल्मवर दोन रुग्णांचे पांढरे डाग सारखे दिसतात. एकाच्या डागात हा रेणू आहे, दुसऱ्याच्या नाही. त्या दोघांच्या पुढच्या आयुष्यांतला फरक ‘कुठे’ सांगत नाही, ‘कोण’ सांगते.

याचबरोबर या वाचनाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. वर्णपट यंत्राबाहेर येतो तेव्हा तो खाचाखळग्यांची एक रेघ असतो. संगणक तिची फोड करतो ती आधी दिलेल्या रेणूंच्या ज्ञात वर्णपटांवरून. १९९३ मध्ये प्रोव्हेंचर यांनी मांडलेली पद्धत यासाठी फार वापरली जाते. हा एक कोशच म्हणायचा. आणि जो शब्द कोशात नाही तो या वाचकाला वाचता येत नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे तो त्याला जवळचा दुसरा शब्द समजतो. टू-हायड्रॉक्सीग्लुटारेटच्या खुणा ग्लुटामेट, ग्लुटामाइन यांच्या खुणांना खेटूनच असतात, त्यामुळे नसलेला रेणू असल्याचा भास होऊ शकतो. लिटरमागे मिलिमोलच्या जवळपास असणारे रेणूच आज असे वाचता येतात. संप्रेरके, औषधांचे तुरळक अंश या वाचनात येत नाहीत. अमेरिकेत ७ टेस्ला यंत्राला रुग्णांसाठी परवानगी मिळाली ती २०१७ मध्ये. फ्रान्समधील साक्ले येथे १३२ टन वजनाच्या चुंबकाच्या ११.७ टेस्ला यंत्राने मानवी मेंदूची पहिली चित्रे २०२४ मध्ये दाखवली. कुलाब्यात १९८३ साली कुपीतल्या द्रावणासाठी जेवढे क्षेत्र होते, तेवढ्या क्षेत्रात माणसाचे डोके नेण्यास चार दशके लागली. तालुक्याच्या रुग्णाला याचा लाभ होण्यास अजून अवकाश आहे. १९७७ मध्ये टाटा संस्थेच्याच पंखाखाली सूक्ष्मलहरींच्या उपकरणांसाठी एक विभाग निघाला होता. १९८४ मध्ये त्यातून ‘समीर’ ही मुंबईची संस्था झाली, आणि अलीकडे भारतीय बनावटीचे १.५ टेस्ला यंत्र घडवण्याच्या कामात ती पुढे आहे. अशी यंत्रे स्वस्त झाली तर आधी ‘कुठे’ तरी सर्वांना मिळेल. ‘कोण’ त्यामागून येईल.

शेवटी नावांविषयी. २००३ मध्ये लॉटरबर आणि मॅन्सफील्ड यांना नोबेल मिळाले, तेव्हा आपण वगळले गेलो म्हणून डॅमेडियन यांनी वृत्तपत्रांत पानभर जाहिराती दिल्या. तो वाद जगाला माहीत आहे. इथेनॉलच्या निबंधाबाबत असा वाद कधी झाला नाही. तो निबंध ‘आर्नोल्ड आणि सहकारी’ म्हणून उद्धृत होतो. संदर्भ देण्याच्या रूढीत मधले नाव गळून पडते. कुणी अन्याय केला असे म्हणण्याजोगे त्यात काही नाही. पण ज्या विद्येचे सारे मर्म शेजारात आहे, एकाच्या आवाजात दुसऱ्याची संगत ऐकण्यात आहे, तिच्या इतिहासात शेजाऱ्याचे नाव ‘सहकारी’ या शब्दात विरावे, हे आम्हांला सलते. महानुभावांच्या पोथ्यांनी आपल्याला शिकवले की लेखकाचा, लेखनिकाचा, वासनेचा आणि शोधनीचा हिशोब ठेवल्यावाचून पाठाला इतिहास मिळत नाही. मराठीत विज्ञानाचा इतिहास लिहिताना हीच शिस्त लागेल.

फलटणच्या घरात खिडकीशी धरलेली ती फिल्म पुन्हा लखोट्यात जाते आणि कपाटावर पडून राहते. तिच्यात दिसते ते खरेच आहे. पण ते पाण्याचे बोलणे आहे. आणि त्या पाण्याच्या गलक्याखाली, एका मद्यार्काच्या कुपीवरून शिकलेल्या लिपीत, बाकीचे रेणू अजून आपापले नाव सांगत आहेत.